पालकांनी फाटकाबाहेरच थांबायचं का?

खाडीकाठची आई
गेल्या आठवड्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं की पालकांनी मुलाला वेळेवर पाठवावं, अभ्यास घ्यावा, सभेला यावं. हायस्कूल कसं चालवायचं ते शिक्षक आणि संस्था बघतील. पालक-शिक्षक संघाला कारभारात घेतलं की गावकी-भावकी वर्गात शिरते. वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात किती शाळांची कौलं आणि पत्रे उडाले ते सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या हायस्कूलचंही छप्पर गेलं. प्रयोगशाळेची कपाटं पावसात भिजत होती. तेव्हा आम्हाला फाटकाबाहेर थांबा असं कोणी म्हटलं नाही. पुरुषांनी वासे चढवले, बायकांनी ग्रंथालयातली पुस्तकं पडवीत पसरून सुकवली, ज्याच्या घरी ताडपत्री होती त्याने ती आणली. मग देणग्या आल्या. पुढच्या सभेत मी विचारलं, जमा किती, खर्च किती? उत्तर मिळालं, हा संस्थेचा अंतर्गत विषय आहे. आमची अंगमेहनत चालते, आम्ही हिशेब विचारलेला चालत नाही. माझा राग याचा आहे.

दुसरी गोष्ट मुलींच्या स्वच्छतागृहाची. पंप जळलेला, टाकीत पाणी नाही. पोरी सकाळी घरातून निघाल्या की संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हत्या, जायलाच लागू नये म्हणून. मुख्याध्यापकांना हे माहीत नव्हतं, संस्थेला तर नाहीच. आम्हा आयांना माहीत होतं, कारण ओटीपोटात दुखतं म्हणून रडणारी पोर आमच्या घरात होती. शाळेत काय बिघडलंय हे ज्यांना सगळ्यात आधी कळतं, त्यांनाच कारभारात जागा नाही. हे कसं चालेल?

आणि संघ निवडला जातो कसा? जुलैच्या सभेत यादी वाचून दाखवतात. नावं आधीच ठरलेली. वही फिरते, सही होते, चहा होतो, माणसं घरी जातात.

गणित कसं शिकवायचं ते मला शिक्षकांना सांगायचं नाही. पण इमारत, पाणी, सहल आणि गॅदरिंगचे पैसे, जादा तासांची वेळ, यात पालकांना विचारलंच पाहिजे आणि हिशेब त्यांच्यासमोर वाचला पाहिजे.

निवृत्त मास्तर
ताई, ते लिहिणारा मीच, आणि आजही तेच म्हणेन. तुमच्यासारखे पालक संघात आले असते तर मी असं लिहिलं नसतं. प्रत्यक्षात येतं कोण? ज्याला पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहायचंय तो. माझ्या कारकिर्दीत एका उपाध्यक्षांनी सहलीची गाडी स्वतःच्या मेव्हण्याची लावायला सांगितली. मी एसटीचीच गाडी बुक केली, तर वर्षभर माझ्याविरुद्ध अर्ज. विज्ञानाच्या एका चांगल्या सरांनी मुलाला परीक्षेत कॉपी केली म्हणून उठवलं, तो मुलगा संघाच्या सदस्याचा निघाला. सरांना सभेत उभं करून जाब विचारला गेला. त्या दिवसापासून त्यांनी कोणालाच रागावणं सोडलं. नुकसान कोणाचं झालं?

तुम्ही म्हणता कारभार. कारभार म्हणजे काय ते ऐका. २ मे २०१२ ला शिक्षकभरती बंद झाली आणि वर्षानुवर्षं रिक्त जागा तशाच राहिल्या. नंतर शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं. शिपाई निवृत्त झाला की जागा गेलीच. मी स्वतः घंटा दिलीय, मीच टाकी साफ केलीय. सरल आणि यू-डायस या सरकारी संगणक प्रणालींत शाळेची माहिती भरणं, पटावरून शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता, सगळं रात्री घरी बसून. संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांवर शिक्षकच उरणार की नाही अशी वेळ आली. यातलं कुठलं काम पालक संघ करणार आहे?

आणि निकाल बघा. रत्नागिरीचं कोकण मंडळ वेगळं झाल्यापासून दहावीत दरवर्षी राज्यात पहिलं. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. हे वर्गात शिकवून झालंय, सभा घेऊन नाही.

कणकवलीचा वकील
दोघांनीही कायदा बाजूला ठेवलाय, म्हणून थोडं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. कलम २१ ची शाळा व्यवस्थापन समिती: तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. शाळेवर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदान कसं खर्च होतं ते पाहणं ही तिची कामं. पण २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्लागार ठरली. शिवाय कायदा आठवीपर्यंतचाच. आपल्याकडची बहुतेक हायस्कुलं संस्थांची आणि अनुदानित. म्हणजे नववी-दहावीच्या पालकाला या कायद्यातून काहीच मिळत नाही. २०११ च्या शुल्क कायद्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडतीने निवडायला सांगितलंय, पण तो सगळा भर फी ठरवण्यावर आहे. ताईंना जे हवंय ते आज संस्थेच्या मर्जीवर आहे. मर्जीवर का असावं, हा प्रश्न रास्त आहे.

एक मात्र नक्की. अनुदानित शाळा माहिती अधिकारात येते. ‘अंतर्गत विषय’ हे उत्तर टिकणारं नाही.

सड्यावरचो
मास्तरानु, आये, तुमी दोघांय उगाच भांडतास. आमच्या हायस्कुलाचो कारभार ना हेडमास्तराच्या हातात, ना पालकांच्या. तो बसता मुंबैत, संस्थेच्या कमिटीकडे. पंप जळलो तर हेडमास्तर पत्र लिवता, ता पत्र मुंबैक जाता, थंयसर मीटिंग लागता, एकदा कोरम नाय, एकदा सेक्रेटरी आजारी. तवसर पावस संपता. अध्यक्ष शाळा बघतत मे म्हयन्यात, म्हणजे पोरा नसताना. एका खोलीचो पत्रो गळता हां ह्या तेंका कसा कळतला? संस्थेची घटना बदला आणि निम्मी जागा गावातल्या पालकांका देवा. मगे बोला संघाबद्दल.

चाकरमानी, लालबाग
हे वाचून गप्प बसवत नाही. मुंबई कमिटी, मुंबई कमिटी करताय, ते हायस्कूल उभं कोणी केलं? पंचक्रोशीत सातवीनंतर शाळा नव्हती. पोरं सातवी झाली की बोटीवर नाहीतर मुंबईला हॉटेलात कपबशा धुवायला. माझे वडील गिरणीत होते. गाववाल्यांच्या खोलीत वळकटी ठेवायला जागा नसायची, पाळीपाळीने झोपायचे. त्या पगारातून हायस्कूलची पावती फाटायची. १९८२ चा संप सुरू झाला, पगार बंद झाला, तरी आईने वर्गणी चुकू दिली नाही. धोंडो केशव कर्व्यांनी मुंबईत राहून मुरुडसाठी फंड उभारला होता, त्याच वाटेने आमची अडाणी माणसं चालली. गावातल्या किती जणांनी त्या वेळी हात सैल केला?

आणि आज पालकांना निम्म्या जागा हव्यात. शाळेची जमीन हमरस्त्याला लागलीय. गावाकडे कारभार गेला की ती किती दिवस शाळेची राहील?

सड्यावरचो
आमका चोर म्हणतास? ती जमीन माझ्या आज्यान बक्षीसपत्र करून दिली. एक गुंठो परत मागूक नाय कोणी. तुमच्या बापाशीक माझो हात जोडून नमस्कार, खरोच. पण बापाशीन पावती फाडली म्हणान झिलान शाळा जन्मभर चालवूची? तुमची पोरा खंयच्या शाळेत गेली? एकय पोर ह्या हायस्कुलात नाय शिकला. आमची शिकतत. गळत्या पत्र्याखाली आमची बसतत.

चाकरमानी, लालबाग
माझी मुलं कुठे शिकली हा मुद्दा नाही. गावात राहणारे तरी कुठे घालतात? सकाळी फाट्यावर उभे राहा, इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या भरून जातात. पट तुम्ही कमी केलात. पट कमी म्हणून शिक्षक गेले, आणि आता दोष मुंबईला.

सड्यावरचो
गणिताक मास्तर नाय त्या शाळेत पोर घालूचा कोणी? आधी मास्तर गेलो, मगे पोरा गेली. तुमी उलटा सांगतास.

कणकवलीचा वकील
जमिनीवरून भांडू नका. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. गावाकडे कारभार असो नाहीतर मुंबईकडे.

खाडीकाठची आई
मी विचारलं होतं पालकांबद्दल आणि आपण पोचलो सातबाऱ्यावर. चाकरमानी दादा, तुमच्या आईने पावती चुकवली नाही हे वाचून मला भरून आलं. पण त्या माऊलीचे पैसे कुठे गेले, हे विचारायचा हक्क तिलासुद्धा होता की नव्हता? मी तेवढाच हक्क मागतेय.

मास्तर, तुमच्या विज्ञानाच्या सरांवर अन्याय झाला. त्या पालकाला सभेतून बाहेर काढायला हवं होतं. पण एका पालकाने मेव्हण्याची गाडी लावायला सांगितली म्हणून सगळ्या आयांना बाहेर ठेवणार? निकालाचं म्हणाल तर पहाटे चारला उठून पोराला उठवणारी, शिमग्याची पालखी दारात असताना त्याला पुस्तकाशी बसवणारी बाई त्या ९८ टक्क्यांत आहे. निकाल एकट्या वर्गात लागत नाही.

शिक्षिका, रायगड किनारा
मी परभणीची. पोर्टलवरून अनुदानित हायस्कूलमध्ये लागले, अजून शिक्षणसेवक, मानधन १८,००० रुपये. रुजू झाल्यावर पहिल्याच सभेत एका पालकांनी विचारलं, मॅडम, बदली करून कधी जाणार? संस्थेच्या शाळेत अशी बदली नसतेच, पण ऐकतं कोण. रात्री दहाला फोन, ‘घटक चाचणीत एक मार्क का कापला?’ त्यामुळे मास्तरांचं म्हणणं मला कळतं.

पण एक सांगते. १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की नववीची मुलं वर्गातून नाहीशी होतात. मी घरोघर गेले, आया म्हणायच्या येईल उद्या. संघातल्या एका दादांनी जेटीवर जाऊन तांडेलांनाच, म्हणजे होडीच्या प्रमुखांनाच, गाठलं. दहावी होईपर्यंत शाळेतल्या पोराला होडीवर घ्यायचं नाही, असं बोलणं केलं. सगळी नाही, पण बरीच मुलं परत आली. ते काम माझ्याच्याने झालं नसतं. माझी भाषा वेगळी, मी बाहेरची. मुख्याध्यापक गेले असते तरी तांडेलांनी हो हो म्हणून सोडून दिलं असतं. हा पालक माझ्या वर्गात कधी डोकावला नाही, पण शाळा चालवण्यात त्याचा वाटा माझ्याइतकाच आहे.

निवृत्त मास्तर
जेटीवरचं उदाहरण मानतो. असा एक माणूस मला मिळाला असता तर काही मुलं आज वेगळ्या जागी असती. पाणी, छप्पर, एसटी, गळती, यात पालक असावेत. हिशेबही वाचा, माझी हरकत नाही, मी तर दरवर्षी वाचायचो. पण माझ्या तीन अटी सोडणार नाही: शिक्षकाची नेमणूक, परीक्षा आणि वर्गातली शिस्त यात संघाचा शब्द नको. आणि संघ सोडतीने निवडा, वकील म्हणाले तसा. यादी वाचून निवडला तर पुन्हा तेच दुकानदार आणि तेच उमेदवार येतील. एवढं करणार असाल तर मी विरोध करत नाही. पाठिंबा देतोय असंही कोणी लिहू नका.

चाकरमानी, लालबाग
घटना बदलणार नाही, निम्म्या जागा तर नाहीच. पण दुरुस्तीसाठी ठरावीक रकमेपर्यंत मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी मिळून तिथेच खर्च करावा, मुंबईची मंजुरी नंतर घ्यावी, हा विषय आमच्या बैठकीत मी मांडू शकतो. पंपासाठी पोरींचे हाल झाले हे मला इथे वाचून कळलं, पत्रात कधी आलं नव्हतं. गणपतीला सगळे गावी येतोच, तेव्हा संयुक्त सभा लावा.

सड्यावरचो
रक्कम किती ती आधी सांगा, नायतर परत पत्राक पत्र. आणि गणपतीत सभा नको. तेव्हा तुमी मोकळे, आमच्या बायको चुलीकडे. आयांका येवक गावाचा नाय आणि परत सगळे बापयेच ठरवतले.

खाडीकाठची आई
दादा, हे बरोबर बोललात. सभा गणपतीनंतर, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, आणि शेवटच्या एसटीच्या आधी संपायला हवी. मुंबईच्या मंडळींनी त्यासाठी एक दिवस रजा काढावी. अर्जाचा मसुदा मी आज लिहायला घेते: हिशेबाचं वाचन, दुरुस्तीची रक्कम, सोडतीने निवड, मास्तरांच्या तीनही अटी. वकीलसाहेब, अर्ज संस्थेच्या सचिवांना द्यायचा आणि प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना, की दोघांनाही वेगवेगळा?

कणकवलीचा वकील
सचिवांना मूळ, शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत, आणि मुख्याध्यापकांकडून पोच घ्या. सह्यांमध्ये नववी-दहावीच्या आया जास्त असू द्या.