मदत हवी आहे : गलतीकरांस पत्र 3:28 याचा अर्थ कुठवर न्यावा?

प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

आमच्या मंडळीतील (चर्चमधील) तरुण संघाच्या बायबल अभ्यासासाठी मला गलतीकरांस पत्र 3:28 हे वचन दिले आहे. यहूदी व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री असा भेद ख्रिस्ताच्या ठायी नाही, असे प्रेषित पौल तेथे लिहितो. ही समता केवळ तारणापुरती (पापातून सुटकेपुरती) आहे की पंगत, सोयरीक आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाची निवड यांनाही ती लागू होते, असा प्रश्न एका मुलीने मागच्या वेळी विचारला आणि मला नीट उत्तर देता आले नाही.

प्रश्न हवेतला नव्हता. आमच्याकडे पुढच्या खुर्च्या ठरावीक घराण्यांसाठी न सांगताही रिकाम्या राहतात आणि वस्तीवरून चालत आलेल्या बाया दाराजवळच्या सतरंजीवर बसतात. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय (सोन्याची अंगठी घातलेला माणूस आणि मळक्या कपड्यांतील दरिद्री) वाचताना मला तीच सतरंजी दिसते. करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी राही व दुसरा पिऊन मस्त होई, यावर पौलाने कडक शब्द वापरले. फिलेमोनाला मात्र त्याने त्याचा दास ओनेसिम याला 'प्रिय बंधू' म्हणून स्वीकारण्याची विनंतीच केली. दास्य मोडण्याची उघड आज्ञा तेथे नाही, आणि माझी अडचण नेमकी इथेच आहे.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली स्थापलेल्या 'देवाचा दरबार' या ख्रिस्तभक्तांच्या संघात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही सामील होऊ शकत. त्याविषयी आणि या वचनाविषयी मराठीत सोपे विवेचन कोठे मिळेल? तसेच, पाळकसाहेबांना न दुखावता खुर्च्यांचा विषय कसा काढावा, हेही कृपया अनुभवी मंडळींनी सुचवावे.