फुकट आहे, पण जुळतंय कुठे?

लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांच्या इमेजेसचा डेटा २००८ पासून फुकट आहे, मग अजून अडतंय कुठे असं कुणी विचारलं, तर अडतं ते वेगवेगळ्या इमेजेस एकमेकींशी जुळवताना. सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहांचंच घ्या ना, जानेवारी २०२२ मध्ये प्रोसेसिंग बदललं तेव्हापासून पिक्सेलच्या आकड्यात १००० जास्तीचे मिळवलेले असतात, ते वजा न करता जुन्या इमेजेसना नवीन जोडल्या की एनडीव्हीआय (झाडोरा किती हिरवा ते सांगणारा आकडा) धाडकन खाली, आणि आपण बसतो जंगल सुकलं म्हणून ग्राफ काढत (मी बसलोय, दोन दिवस गेले!). म्हणून मला नासाचं एचएलएस (आधीच जुळवून दिलेला डेटा) बरं वाटतं, लँडसॅट आणि सेंटिनल-२ दोन्ही ३० मीटर पिक्सेलच्या एकाच ग्रिडवर, सेन्सरमधला फरकही जुळवून दिलेला. अर्थात सेंटिनलचे १० मीटरचे बारकावे त्यात जातात, लहान वावरं बघायची असतील तर मूळ डेटाच घ्यावा लागतो.