प्रतिसाद: शेडच्या पत्र्यातून टपकणारं पाणी

"टपकतंय म्हणजे पत्रा गळतोय, स्क्रूंना सिलिकॉन भरा" हा शेड टपकण्याच्या प्रश्नावर आधी कुणीतरी दिलेला सल्ला पावसाळ्यापुरता बरोबर आहे. पण डिसेंबरात, पाऊस नसताना, पहाटे पत्र्याच्या खालच्या अंगाला बारीक थेंबांची जाळी दिसत असेल तर ती गळती नव्हे, दव आहे. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड पडतो आणि आतली दमट हवा त्याला लागून पाणी सोडते. अशा वेळी फटी बुजवल्या तर त्रास वाढतोच.

आधी ओल कुठून येते ते बघा. कोब्यावर दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा, एक दिवस ठेवा. खालून ओलं झालं तर ओल जमिनीतून येतेय: जाड प्लास्टिक अंथरून वर लाकडी पॅलेट टाका. वरून ओलं झालं तर दोष हवेचा: समोरासमोरच्या भिंतींत एक झरोका खाली, दुसरा वळचणीखाली, दोन्हींना जाळी. पत्र्याखाली थर्माकोल नुसता अडकवू नका. मागे हवा शिरून तिथेच पाणी साचतं, पत्रा आतून गंजतो आणि महिनोन्‌महिने कळत नाही. शेडमध्ये युरिया खताचं उघडं पोतं असेल तर ते मात्र आधी बाहेर काढा किंवा घट्ट बांधा, ते हवेतली ओल ओढून पाझरतं.