माफी साहेबांना, रांग आम्हाला

तर्कटराव: काल कृष्णाकाठ यांनी लिहिलं, अध्यक्षांचा माफीचा अधिकार ही अमेरिकन लोकशाहीची श्रीमंती आहे, अध्यक्ष फोर्डनी वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेल्या निक्सनला माफ केलं म्हणून देश सावरला. राहवलं नाही. 8 सप्टेंबर 1974 ला ती माफी दिली तेव्हा निक्सनवर आरोपपत्रसुद्धा नव्हतं! तिथूनच चटक लागली. 1 डिसेंबर 2024 ला बायडननी पोराला माफ केलं, तेही 'करणार नाही' असं सांगून. त्यानंतर पन्नासाव्या दिवशी, पदावर येताच, ट्रम्पनी कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसदेवरच्या, 2021 च्या दंगलीतल्या जवळपास 1,500 जणांना सोडवलं. पोलिसांना झोडपणारेही त्यात आले.

कृष्णाकाठ: सगळं एकाच तागडीत? फोर्ड स्वतः संसदेच्या उपसमितीसमोर जाऊन बसला, उत्तरं दिली, 1976 ची निवडणूक हरला. पोराला वाचवण्यात त्याग कसला?

एडिसनची_काकू: त्यागाचं आम्हाला विचारा. माझा भाऊ ईबी-2 च्या, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डच्या, रांगेत आहे, अर्जाची तारीख 2014 ची. एका देशाला जास्तीत जास्त 7 टक्के कार्डं, झालं! भाची 21 ची झाली नि बापाच्या अर्जातून बाहेर. परवा एफ-1 चा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, फॉर्म भरताना देशाच्या रकान्यात 'इंडिया' लिहून पेन धरून बसून राहिली. तिला इंडिया म्हणजे आजीची गॅलरी.

तर्कटराव: काकू, धागा माफीचा आहे.

वैदर्भीय: असू द्या हो. पण काकू, भावाला कुणी ओढून नेलं नव्हतं. आम्ही इथे सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालतो, त्यावर कुणी धागा काढत नाही.

एडिसनची_काकू: मग काढा की! तुम्ही रडलात की व्यवस्थेवर टीका, आम्ही रडलो की 'परत या'. दर पगारातून सोशल सिक्युरिटी कापतात त्याच्या, मत मात्र शून्य.

वैदर्भीय: डॉलरमध्ये कापतात ना?

एडिसनची_काकू: हेच! हाच तो खवचटपणा. पोरगी रात्र रात्र झोपत नाही आणि तुम्ही डॉलर मोजा.

वैदर्भीय: बरं, पोरीबद्दल शब्द मागे. भावाबद्दल नाही.

कृष्णाकाठ: तर्कटराव, बायडनबाबत तुमचं खरं, घ्या. त्यांच्यासाठी पेन्सिल्व्हेनियात थंडीत दारं ठोठावलीत मी, म्हणून जास्त झोंबतं. फोर्डवर मात्र इंचभर हटणार नाही. आणि 2001 मध्ये क्लिंटननी जाता जाता सावत्र भावाला माफ केलं, तेव्हा कुठे होता तुम्ही?

तर्कटराव: दहावीच्या क्लासला.