दसऱ्याला गाडी घ्यायचीय, शोरूमच्या कोटेशनमध्ये नेमकं कुठे कमी करून मागायचं?

भांडुपकर:

नमस्कार मंडळी, पेट्रोल हॅचबॅक घ्यायचं नक्की झालंय, मॉडेल ठरलंय, रंगसुद्धा ठरलाय. आईचं म्हणणं दसऱ्याला गाडी दारात पाहिजे. आमच्या जवळच्या शोरूममधून कोटेशन आणलंय, ते जसंच्या तसं टाकतो.

एक्स शोरूम ८,२०,०००
आरटीओ ९८,०००
इन्शुरन्स ४६,०००
एक्स्टेंडेड वॉरंटी १५,५००
बेसिक किट १३,९००
हँडलिंग ९,०००
फास्टॅग ६००
ऑन रोड एकूण १०,०३,०००, त्यातून डिस्काउंट २५,०००

माझी २०१४ ची जुनी गाडी आहे, तिचे ते १,१०,००० देतो म्हणतायत. लोन ६ लाखांचं, ५ वर्षं, तेही तेच करून देणार, "सहा टक्के फ्लॅट, असा रेट बाहेर मिळणारच नाही सर" असं चाललंय. सेल्सवाला रोज दोनदा फोन करतो की ऑफर या आठवड्यापुरतीच आहे. १० लाखांच्या वर गेलं म्हणून टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा करतात तो आयकर) लागेल असंही म्हणाला. २५ हजार सुटले म्हणजे चांगला भाव आहे का? अजून किती मागता येईल? आणि ठाण्यातून घेतली तर एमएच ०४ नंबर येईल का, आम्हाला ०३ च पाहिजे.

पार्लेकर:

भांडुपकर, २५ हजारांकडे बघूच नका आधी. तो आकडा शोरूमवाला मोठ्या अक्षरात लिहितो आणि खालच्या ओळींतून परत काढून घेतो, तुमच्या कोटेशनमध्ये तर अगदी स्पष्ट दिसतंय.

आरटीओ घ्या. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के टॅक्स आहे, म्हणजे ८,२०,००० वर ९०,२०० झाले. रजिस्ट्रेशन फी ६००, लोन असल्यामुळे हायपोथिकेशनचे (आरसीवर बँकेचा बोजा नोंदवायचे) १,५००, वर स्मार्ट कार्ड वगैरे किरकोळ. मग ९८ हजार कशाचे? सरळ सांगायचं की वाहन पोर्टलची (सरकारी नोंदणी वेबसाइटची) पावती दाखवा, पावतीवर जेवढे असतील तेवढे देतो, एक रुपया कमी नाही जास्त नाही. एवढं म्हटलं की आकडा आपोआप खाली येतो, कारण पावती खोटी करता येत नाही. नंबर प्लेटचे वेगळे मागितले तर तेही देऊ नका, १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) कंपनीकडूनच येते.

हँडलिंग म्हणजे गाडी यार्डातून शोरूमला आणायचा खर्च म्हणतात. पण तो डीलरच्या धंद्याचा खर्च आहे आणि त्यासाठी त्याला मार्जिन मिळतं ना, आपण परत कशाला द्यायचे? ही ओळ खोडूनच घ्या. बेसिक किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, परफ्यूम असलं काहीतरी असतं, यादी मागा आणि एकेका वस्तूची किंमत बाहेरच्या अ‍ॅक्सेसरीजवाल्याकडे विचारा. किट घेतल्याशिवाय गाडी मिळत नाही असं कुठेही नाहीये.

आता खरा पैसा, इन्शुरन्स. नव्या गाडीला सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो आणि त्याचा दर सरकारी असतो, १००० ते १५०० सीसीला २०२२ मध्ये १०,६४० ठरला, वर जीएसटी. हा सगळीकडे सारखाच, कोणी त्यात सूट देऊ शकत नाही. म्हणजे ४६ हजारांमधला उरलेला सगळा भाग ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर) आणि अ‍ॅड ऑन, आणि कमीजास्त होतं ते तिथेच. बाहेरून ऑनलाइन कोटेशन काढा पण आयडीव्ही तोच ठेवा (म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, नव्या गाडीला एक्स शोरूमच्या ९५ टक्के धरतात) आणि अ‍ॅड ऑन पण तेच ठेवा, झीरो डेप (पार्टची घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट (इंजिनात पाणी गेलं तर), रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत), नाहीतर तुलनाच होत नाही. मुंबईत इंजिन प्रोटेक्ट मात्र घ्याच, भांडुपला पावसात रस्त्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या बहिणीच्या गाडीला सेम टू सेम कव्हरमध्ये बारा-तेरा हजारांचा फरक निघाला होता, बाहेरचं कोटेशन दाखवल्यावर शोरूमनेच तेवढ्यात करून दिलं.

आणि जुनी गाडी तुमच्याच नावावर आहे ना? क्लेम नसतील तर एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियमवरची सूट) असेल, पाच वर्षं सलग क्लेम नसेल तर ५० टक्के. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, जुनी गाडी विकल्यावर कंपनीकडून एनसीबी लेटर घ्या आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर लावा. शोरूममध्ये हे स्वतःहून कोणी सांगत नाही आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

टीसीएसची काळजी करू नका, तो गाडीच्या इनव्हॉइसची किंमत १० लाखांच्या वर गेली तर १ टक्का लागतो, तुमची ८.२० आहे. टॅक्स इन्शुरन्स मिळून १० च्या वर गेलं त्याचा काही संबंध नाही.

घोडबंदरवाला:

वरच्या ताईंनी सगळं बरोबर लिहिलंय, फक्त क्रम सांगतो. ठाण्यातून घेतली तरी पासिंग (आरटीओची नोंदणी) तुमच्या पत्त्यावर होतं, भांडुपचा पत्ता म्हणजे वडाळा आरटीओ, एमएच ०३ च मिळेल, डीलरला तसं आधीच सांगून ठेवा. जकात होती तेव्हा मुंबईच्या हद्दीत आणि बाहेर भाव वेगळे पडायचे, जुन्या लोकांच्या डोक्यात ते अजून आहे, पण १ जुलै २०१७ ला जकात गेली, आता एक्स शोरूम एकच.

म्हणून एकाच कंपनीचे तीन वेगवेगळ्या मालकांचे डीलर धरा. हे महत्त्वाचं आहे, मुंबईत एकाच मालकाची चार चार शोरूम असतात, तिथे फिरून काही उपयोग नाही, सिस्टीममध्ये तुमचा मोबाइल नंबर टाकला की कळतं तुम्ही कुठे जाऊन आलात. मुलुंड, ठाणे, वाशी असे घ्या. प्रत्येकाला एकच प्रश्न, मॉडेल व्हेरियंट रंग सांगून, "इन्शुरन्स आणि अ‍ॅक्सेसरीज सोडून गाडी कितीला देणार, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा". तोंडी काही धरायचं नाही. कॉर्पोरेट डिस्काउंट विचारा, तुमची कंपनी यादीत असू शकते, आयकार्ड आणि सॅलरी स्लिप लागते.

अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ अधिक सेसवरून १८ टक्के झाला, तर काही सेल्सवाले अजून तो कट आपल्या ऑफरमध्ये धरून सांगतात "सर एवढे कमी झाले". तो सरकारने कमी केलाय, डीलरने नाही. आजच्या एक्स शोरूमवर किती सोडता तेवढंच बोला.

आणि बुकिंग पितृपक्षात करा. शोरूम रिकामी असतात, टार्गेट अंगावर असतं, घट बसले की तोच माणूस फोन उचलणार नाही. घरच्यांना चालत नसेल तर भाव लिहून घ्या, टोकन नवरात्रात द्या, पण भाव आत्ताच पक्का करा.

हप्ता_हिशोब:

बँकेत वाहन कर्ज विभागात काम करतो म्हणून फक्त लोनवर लिहितो. सहा टक्के फ्लॅट म्हणजे ६ लाखांवर वर्षाला ३६ हजार, पाच वर्षांचे १,८०,०००, एकूण ७,८०,००० भागिले ६० म्हणजे हप्ता बरोबर १३,०००. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज पूर्ण सहा लाखांवरच लागतंय. रिड्युसिंगच्या (उरलेल्या मुद्दलावरच व्याज) हिशोबाने हा रेट पावणेअकराच्या वर जातो. त्यामुळे "बाहेर मिळणारच नाही" हे बरोबर नाही, सॅलरी अकाउंट असलेल्या बँकेत आधी विचारा, सिबिल चांगला असेल तर यापेक्षा कमी मिळायला हवा. डीलरला लोनवर बँकेकडून पैसे मिळतात, त्यामुळे त्याचा आग्रह असणारच.

ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, त्यात एपीआर, म्हणजे कर्जाचा वर्षाचा खरा दर, लिहिलेला असतो, प्रोसेसिंग फी धरून. दोन बँकांचे एपीआर समोरासमोर ठेवा, बाकी काही ऐकू नका. मुदतीआधी फेडलं तर चार्ज किती तेही त्याच कागदावर असतं. हप्ता किती हा प्रश्न शोरूममध्ये विचारूच नका, मुदत वाढवून हप्ता कितीही छोटा करून दाखवता येतो.

रविवारची_फेरी:

दसऱ्याच्या दिवशी डिलिव्हरी घेऊ नका असं म्हणणार होतो पण आईची इच्छा आहे तर घ्या, फक्त गाडी पासिंगच्या आधी दिवसा उजेडात बघून या. त्या दिवशी शोरूममध्ये रांग असते, हार नारळ फोटो यात कोण काय तपासणार. यार्ड भिवंडीकडे असेल तरी जा. चेसिस नंबर लिहून घ्या, उत्पादनाचा महिना बघा, तो पुढे आरसीवर येतो. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, पाचही टायरचे बघा. दाराच्या रबराच्या आत बोट फिरवा, धूळ खूप बसलेली असेल तर गाडी यार्डात पडून आहे. सात-आठ महिने जुनी असेल तर घ्यायला हरकत नाही पण मग त्याचे वेगळे कमी करून मागा. एकदा नंबर पडला की बोलायला जागाच राहत नाही.

जुन्या गाडीचं त्यांच्याशी शेवटी बोला, नव्या गाडीचा भाव लिहून आल्यावर. आधी बोललात तर इकडे दहा सोडतात आणि तिकडे दहा कापतात.

भांडुपकर:

खूप आभार सगळ्यांचे. ठाणे आणि वाशीचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं, वाशीवाल्याने हँडलिंग लावलंच नाही, आरटीओ ९२,६०० लिहिलंय आणि डिस्काउंट ३१ हजार. ते आमच्या जवळच्या शोरूमला दाखवलं तर मॅनेजर बाहेर आला, हँडलिंग काढलं, किट ऑप्शनल केलं, इन्शुरन्सचं मात्र "बाहेरून घेतला तर कॅशलेस होणार नाही" म्हणतोय, म्हणजे दुरुस्तीचं बिल कंपनी थेट भरणार नाही. खरंय का? एनसीबी माझा ४५ टक्के निघाला, ते तर मला माहीतच नव्हतं. जुन्या गाडीला बाहेरच्या एका खरेदीदाराने १,३८,००० सांगितलेत.

पार्लेकर:

कॅशलेस हे इन्शुरन्स कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातलं असतं, पॉलिसी कोणी विकली त्याच्याशी संबंध नाही. जी कंपनी निवडताय तिच्या वेबसाइटवर कॅशलेस गॅरेजच्या यादीत त्या शोरूमचं वर्कशॉप आहे का बघा, असेल तर त्यांना स्क्रीनशॉट पाठवा. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही, हे इर्डाचे (विमा नियामक संस्थेचे) नियम आहेत, तेवढं मॅनेजरला शांतपणे सांगा.

जुनी गाडी १,३८,००० ला बाहेरच द्या, पण आरसी ट्रान्सफर तुमच्या डोळ्यांसमोर टाकली गेली पाहिजे आणि डिलिव्हरीची पावती वेळ घालून सही करून घ्या. शोरूमला विचारा की ट्रान्सफर झालेल्या आरसीची कॉपी दिली तर एक्सचेंज बोनस देता का, काही कंपन्या देतात. आणि एनसीबी लेटरला दोन-चार दिवस जाऊ शकतात, त्यामुळे त्याचा अर्ज गाडी विकल्या दिवशीच करा, नाहीतर दसऱ्याला पॉलिसी लेटरशिवाय निघेल.