दिव्यांगांच्या पेन्शनला उत्पन्नाची अट पाहिजे का नको?

कास्तकार आर्वीवाला
आमच्या ग्रामसभेत यावरून लय वाद झाला म्हणून इथं टाकतो. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे महिन्याचे 1500 होते, ते सप्टेंबर 2025 मध्ये 2500 करायचं ठरलं, चांगलंच झालं. पण अट तीच, घरचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत पाहिजे. आता 300 रुपये रोजानं घरातले दोघं वर्षातले तीन महिने जरी कामाले गेले तरी हिशोब 54,000 वर जाते. खरं सांगितलं का नाव कटते, मग लोक कमी उत्पन्नाचा दाखला आणतात, दुसरं करतील काय. अन् ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही अशा पस्तीस वर्षाच्या माणसाले भावाच्या कमाईवरून काहून मोजता? हा हक्क हाय, अट काढा.

निवृत्त तलाठी
भाऊ, हक्क आहे म्हणून अट नको असं कायदाच म्हणत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 24 वाचा. पेन्शन उत्पन्नाच्या मर्यादेत द्यायची असंच त्यात आहे, सरकारच्या आर्थिक कुवतीचाही उल्लेख आहे. अट काढली की चाळीस एकरवाला अन् पेट्रोल पंपवाला पण रांगेत येणार, आणि ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत त्याचे पैसे आणखी लांबणार.

कास्तकार आर्वीवाला
काका, त्याच कलमात हेही हाय का तशाच योजनेत दुसऱ्याले मिळते त्याच्यापेक्षा दिव्यांगाले किमान 25 टक्के जास्त द्यायचं, अन् ज्याले जास्त आधार लागते त्याले सांभाळणाऱ्यासाठी भत्ता. ते वाक्य कोणीच वाचून दाखवत नाही.

चामोर्शीची ताई
तुम्ही दोघं उत्पन्नावरच अडकले. माझ्या पोरीले सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, 2016 मध्ये 21 झाले तेव्हा सिकलसेल त्यात आलं. पण पोरगी चालते, बोलते, कॉलेजात जाते, म्हणून लोक म्हणतात हिले काय झालं. धानाच्या रोवणीले चिखलात उभी राहिली का रात्री हातापायाचे सांधे असे दुखतात का चादर पण अंगाले लागू देत नाही, सकाळी सलाईन. आठवड्यानं पुन्हा चांगली दिसते. आता दिव्यांगत्वाची टक्केवारी कोणत्या दिवशी मोजणार? केंद्राच्या दिव्यांग पेन्शनले तर 80 टक्के पाहिजे अन् वर दारिद्र्यरेषेखालचं घर, मिळतात 300. मले विचाराल तर आधी सिकलसेलवरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी अन् रक्त जवळच्या दवाखान्यात कायम मिळालं पाहिजे. गाडीभाड्यातच पेन्शन संपते.

वणीचा मास्तर
ताईंचं पटलं. ऑस्ट्रेलियात 2013 पासून एक राष्ट्रीय योजना आहे, तिथं उत्पन्न बघतच नाहीत, त्या माणसाले काय लागते ते बघून त्याचा प्लॅन बनवतात, मदतनीस, खुर्ची, थेरपी. 65 च्या आत अर्ज करायचा एवढंच. विचार करायची पद्धत तरी घ्या.

निवृत्त तलाठी
मास्तर, त्याच योजनेचा खर्च एवढा वाढला की 2024 मध्ये त्यांना कायदा बदलून लगाम घालावा लागला, अन् तो देश श्रीमंत आहे. ताईंच्या पोरीचं मात्र मान्य, गोळीले उत्पन्नाची अट लावणं चूकच. पेन्शनची मर्यादा पण वाढवा, 50,000 हा आकडा आजच्या मजुरीत टिकत नाही, आणि जो सज्ञान आहे त्याचं स्वतःचं उत्पन्न धरा. पण मर्यादा पाहिजेच.

कास्तकार आर्वीवाला
एसटीत दिव्यांगाले 75 टक्के सवलत हाय, तिथं कंडक्टर उत्पन्नाचा दाखला मागते का? मोठ्या घरचे लोक गर्दी करून एसटी बुडाली असं तर झालं नाही.

निवृत्त तलाठी
एसटीत बसायचं तर प्रवास करावा लागतो, पेन्शन घरबसल्या खात्यात येते. दोन्ही एक नाही. बाकी ग्रामपंचायतीचा 5 टक्के दिव्यांग निधी तुमच्या गावात कशावर खर्च झाला ते पुढच्या ग्रामसभेत विचारा, त्याले कोणाचा विरोध नसावा.

चामोर्शीची ताई
आमच्याकडे त्या निधीतून एकदाच सगळ्यांले सारखे पैसे वाटले अन् झालं. कोणाले काय लागते हे कोणी विचारलंच नाही.