खरेदीखतातला वहिवाटीचा रस्ता कायमचा काढायचा आहे

गटधारक: आमच्या गटाच्या पूर्व बांधाने १० फुटी रस्ता मागच्या गटाला जातो. १९९४ च्या खरेदीखतात "जाण्यायेण्याचा हक्क राहील" असे आहे, ७/१२ च्या इतर हक्कांतही नोंद आहे. आता त्यांना पलीकडून डांबरी रस्ता लागलाय. सात-आठ वर्षांत इकडून कुणी गेलेले नाही. हक्क संपला असे धरून कुंपण घालावे का?

चतुःसीमा: मुळीच नको. सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यायेण्यासारखा हक्क) अधिनियम, १८८२ च्या कलम ४१ नुसार गरज सरली की हक्क सरतो, पण तो फक्त गरजेपोटी मिळालेला. तुमच्या मागच्या गटाचा हक्क दस्ताने दिलेला आहे. त्याला हे कलम लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितले आहे. वापर नसल्यामुळे हक्क जायचा तर कलम ४७ प्रमाणे सलग २० वर्षे लागतात. त्या मुदतीत समोरच्याने "हक्क राखून ठेवतो" असे घोषणापत्र नोंदवले, तर नोंदणीच्या तारखेपासून पुन्हा २० वर्षे मोजायची. आज कुंपण घातले तर मागच्या गटाचे मालक सहा महिन्यांच्या आत मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागतील, आणि अडथळा तुम्हालाच काढावा लागेल.

दस्तलेखक: खरी वाट हक्कसोडपत्राची (सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ३८). ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेली संमती कामाची नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. "रस्त्याचा हक्क सोडला" एवढ्यावर भागवू नका. दोन्ही गट नंबर, कुठल्या बांधाने, रुंदी, लांबी, १९९४ च्या दस्ताचा क्रमांक हे सगळे लिहा आणि हातनकाशा जोडा. मोबदला दिला असेल तर आकडाही टाका. मग दस्ताची प्रत देऊन तलाठ्याकडे फेरफाराचा (७/१२ वरची नोंद बदलण्याचा) अर्ज करा. संबंधितांना नोटीस जाते, १५ दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नुसती ७/१२ वरची नोंद निघाली म्हणून हक्क मरत नाही. आधी नोंद काढून दस्त मागे ठेवणारे इथेच फसतात.

गटधारक: मागचा गट तिघा भावांचा सामाईक आहे. एक जण सही करणार नाही म्हणतो.

चतुःसीमा: मग दोघांच्या सह्यांनी रस्ता बंद होत नाही. सामाईक मालकांपैकी एकाने वापर ठेवला तरी कलम ४७ ची मुदत पुरी होत नाही. त्याला रस्ता हवाच असेल तर तो उत्तर बांधाला सरकवण्याचा प्रस्ताव द्या. पूर्व बांधाची बाजू मोकळी झाली तरी तुमचे बरेचसे काम होते. तेही नोंदणीकृत दस्तानेच, आणि तिघांच्या सह्यांनी.

मोजणीदार: या सगळ्याआधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. हीच वाट नकाशात तुटक रेषेने दाखवलेली असेल तर ती सार्वजनिक निघू शकते. मग शेजाऱ्याच्या हक्कसोडपत्राला किंमत उरत नाही, कारण त्याने सोडायला ती त्याची एकट्याची नसते.